डर्बीपासून मागे मोजत या: रेसिंग गेममध्ये कोवळ्या घोड्यांचा हंगाम कसा आखावा

गोव्यात रेसकोर्स नाही. आमच्या डिचोली-सत्तरीत घोडा दिसतो तो शिगम्याच्या घोडेमोडणीत, नाचणाऱ्याच्या कमरेला बांधलेला लाकडी. खरी रेस बघायची तर मुंबईचं महालक्ष्मी नाहीतर पुणं गाठायचं. तरीही पावसाळा लागला की संध्याकाळी मी आणि माझा भाचा लॅपटॉप उघडून आमचा तबेला सांभाळत बसतो. या गेममध्ये नवे खेळाडू सगळ्यात जास्त चुकतात ते दोन वर्षांच्या घोड्यांच्या बाबतीत. घोडा हाताशी आला की समोर दिसेल त्या रेसला नाव घालतात, आणि तो तीन वर्षांचा होतो तेव्हा त्याच्यात काही उरलेलं नसतं.

म्हणून आधी शेवटची तारीख लिहा. क्लासिक, म्हणजे ठरावीक वयाच्या घोड्यांची मानाची मोठी रेस, घोड्याच्या आयुष्यात एकदाच येते. इंग्लंडच्या कॅलेंडरवर चालणारा गेम असेल तर मेच्या सुरुवातीला न्यूमार्केटची गिनीज, 1600 मीटर. जूनच्या सुरुवातीला एप्समची डर्बी, 2400 मीटर. सप्टेंबरात डॉन्कास्टरची सेंट लेजर, सुमारे 2900 मीटर. तिन्ही फक्त तीन वर्षांच्या घोड्यांसाठी. आपल्याकडची इंडियन डर्बी फेब्रुवारीत महालक्ष्मीला होते आणि तिथे घोडे चार वर्षांचे असतात, म्हणजे तयारीला जास्त महिने मिळतात. तुमचा गेम कुठल्या देशाचं कॅलेंडर वापरतो ते पहिल्यांदा बघा. मग कागदावर मोठी रेस सगळ्यात खाली लिहा आणि वर वर चढत या: तिच्याआधी तीन-चार आठवडे एक सरावाची रेस, त्याआधी हिवाळ्याची विश्रांती, त्याआधी शरदातली एखादी परीक्षा.

जन्माचा महिनाही तपासा. उत्तर गोलार्धातले सगळे रेसचे घोडे 1 जानेवारीला एक वर्षाने मोठे धरले जातात. फेब्रुवारीत जन्मलेलं आणि मेमध्ये जन्मलेलं शिंगरू कागदावर एकाच वयाचं, पण जूनच्या रेसमध्ये तीन महिन्यांचा फरक स्पष्ट दिसतो. मेचं शिंगरू असेल तर ऑगस्टपर्यंत थांबा. अढीत घातलेला मानकुराद आंबा रोज दाबून बघितला तर पिकायच्या आधीच डागतो.

पहिली रेस मेडनच निवडा, म्हणजे अजून एकही रेस न जिंकलेल्या घोड्यांची. अंतर ठरवताना आई-बाप दोघांचा रेकॉर्ड बघा. बाप 1000-1200 मीटरचा आणि आईही तशीच असेल तर पाच-सहा फर्लांग ठीक. डर्बीच्या घराण्यातलं शिंगरू पाच फर्लांगांवर घालून काही कळत नाही. एक फर्लांग म्हणजे सुमारे 200 मीटर, हे डोक्यात ठेवलं की गणित सोपं जातं.

आता खरं काम: पहिली रेस वाचणं. कितवा आला हे त्यातलं सगळ्यात कमी महत्त्वाचं. आमच्या 'मांडवी' नावाच्या फिलीची, म्हणजे तरुण घोडीची, गोष्ट सांगतो. जूनच्या सुरुवातीला पाच फर्लांगांची मेडन, अकरा घोड्यांत सहावी. भाचा हिरमुसला. मी रिप्ले परत लावला. पहिले दोन फर्लांग ती सगळ्यांच्या मागे होती, पाय जुळत नव्हते. शेवटच्या फर्लांगात मात्र तिने पाच घोडे मागे टाकले, आणि तिची त्या फर्लांगाची वेळ जिंकणाऱ्या घोड्यापेक्षाही कमी होती. याचा अर्थ एकच: हिला लांब पल्ला हवा. एवढं कळूनही त्या उत्साहात आम्ही तिला अकरा दिवसांनी रॉयल अ‍ॅस्कॉटच्या क्वीन मेरीत घातलं, म्हणजे पुन्हा पाच फर्लांग आणि तेही देशातल्या सगळ्यात चपळ फिलींसमोर. नववी आली. थकव्याची पट्टी लाल झाली, आत्मविश्वास घसरला आणि सात आठवडे तिला तबेल्यातून बाहेर काढता आलं नाही. मग सप्टेंबरात सात फर्लांगांची मेडन दिली. तीन घोड्यांच्या लांबीइतक्या अंतराने जिंकली.

तेव्हा प्रत्येक रेसनंतर वहीत चार गोष्टी लिहा: अंतर, जमीन कोरडी की ओली, शेवटच्या फर्लांगाची वेळ, आणि थकवा उतरायला लागलेले दिवस. चौथा आकडा कोणी लिहीत नाही. दोन रेसमध्ये किती दिवस सोडायचे ते मात्र त्याच्यावरच ठरतं.

पूर्ण वर्षात तीन ते चार रेस पुरे. मेडन जिंकलात की ती सोपी रेस कायमची गेली, पुढे ताकदीचेच घोडे समोर येणार. म्हणून घोडा तयार नसताना जिंकण्याची घाई करू नका. हँडिकॅपमध्ये, म्हणजे रेटिंगप्रमाणे पाठीवर वजन देतात त्या रेसमध्ये, मोठ्या अंतराने जिंकलं की रेटिंग वाढतं आणि पुढच्या वेळी पाठीवर जास्त वजन चढतं, हेही धरून चाला.

ऑक्टोबरात एकदाच मोठी परीक्षा घ्या. कोल्टसाठी, म्हणजे तरुण नर घोड्यासाठी, सात फर्लांगांची ड्यूहर्स्ट, फिलीसाठी एका मैलाची फिलीज माइल. दोन्ही न्यूमार्केटलाच, म्हणजे गिनीजचाच ट्रॅक घोड्याच्या ओळखीचा होतो. त्यानंतर जानेवारी संपेपर्यंत हलका व्यायाम, बाकी काही नाही.

मांडवीची पुढची पानं आम्ही अशी लिहिली आहेत: एप्रिलच्या मध्यावर नेल ग्विन, सात फर्लांग, जिंकली नाही तरी चालेल. मग 1000 गिनीज, म्हणजे फिलींची गिनीज. तिथे शेवटच्या फर्लांगात ती अजून वेग वाढवत असेल तर जूनमध्ये एप्समची ओक्स, म्हणजे फिलींची डर्बीच, 2400 मीटर. वेग पडत असेल तर ओक्सचा मोह सोडायचा आणि अ‍ॅस्कॉटला मैलभराच्या कॉरोनेशन स्टेक्सला न्यायचं. भाचा आत्तापासूनच ओक्स म्हणतोय. मी ते पेन्सिलीनेच लिहून ठेवलंय.