कोरड्या वर्षी सुज्ञतेने निर्णय कसा घ्यावा

ख्रिस्ती नीतिविचारात सुज्ञता, न्याय, धैर्य आणि संयम या चार मुख्य सद्गुणांपैकी सुज्ञतेला पहिला मान आहे, कारण समोरच्या प्रसंगात न्यायाचे काय आणि धैर्याचे काय, हे तीच ठरवते. तेराव्या शतकात संत थॉमस अक्विनास यांनी ‘सुम्मा थिओलॉजिया’मध्ये तिची तीन कार्ये सांगितली : विचारविनिमय, निवाडा आणि आज्ञा. जालना जिल्ह्यातील मोसंबी बागायतदाराची विहीर आटली असेल आणि कर्ज काढून नवी बोअर घ्यावी की नाही हे ठरवायचे असेल, तर त्याने याच क्रमाने जावे.

विचारविनिमयाला पुरेसा वेळ द्यावा. 2012च्या दुष्काळात शिवारातील कोणत्या बोअर किती खोलीवर कोरड्या गेल्या, हे आठवावे. मात्र आठवण स्वतःच्या सोयीची करून घेऊ नये. या कामी कोणीही स्वतःपुरता पूर्ण नसतो, शिकलेल्यानेही शिकण्याची तयारी ठेवावी, असे अक्विनास बजावतात. म्हणून गावातील जाणत्यांना विचारावे, भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या कार्यालयात चौकशी करावी आणि जमिनीखालचे पाणी सांगणाऱ्या पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला म्हणजे विचार संपला, असे मानू नये. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या माणसाचा दाखला येशूने दिला आहे (लूक 14:28). तसा सोसायटीचे थकलेले कर्ज, घरातील शिक्षणाचा खर्च आणि पाणी न लागल्यास होणारे नुकसान धरून हिशेब कागदावर मांडावा.

निवाडा करताना हेतूबरोबर साधनही तपासावे. बाग वाचवणे चांगलेच, पण त्यासाठी बँकेत खोटे उत्पन्न दाखवणे किंवा शेजाऱ्याला अंधारात ठेवून त्याच्या बांधालगत बोअर पाडणे याला अक्विनास सुज्ञता म्हणत नाहीत. तो धूर्तपणा होय, मग हेतू कितीही चांगला असो. आपल्याकडे अशा माणसाला हुशार म्हणण्याची पद्धत आहे, ती सोडलेली बरी.

आज्ञा म्हणजे ठरलेले स्वतःकडून करवून घेणे, आणि अक्विनास हेच सुज्ञतेचे मुख्य कार्य मानतात. विचार सावकाश करावा, पण ठरल्यावर कृती लवकर करावी, हे ॲरिस्टॉटलचे मत ते स्वीकारतात. माणसाच्या व्यवहारात पूर्ण खात्री मिळत नाही, त्यामुळे थोडी धाकधूक राहणारच. तिच्यासाठी काम अडवू नये. बोअर घ्यायची नाही असे ठरले, तर आंबे बहार (मोसंबीचा जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा बहार) न धरता झाडे जगवण्यापुरते पाणी ठिबकने द्यावे, आळ्यांत पाचटाचे आच्छादन करावे आणि ही कामे उन्हाचा तडाखा वाढण्याआधी उरकावीत.