सायकल शर्यतीचा शेवट बघायचा असेल, तर फिनिश लाइन सोडा

सायकल शर्यत बघायला निघालेल्या माणसाला कुणीतरी हमखास सांगतं, "फिनिश लाइनला चिकटून उभं राहा, खरी मजा तिथंच." हा सल्ला मीही पाच वर्षं पाळला आणि त्या पाच वर्षांत एकाही शर्यतीचा शेवट मला धड दिसला नाही. संभाजीनगर-जालन्याकडच्या जिल्हा पातळीवरच्या शर्यती, जत्रेतल्या खुल्या शर्यती, पुण्यात जाऊन बघितलेले मुंबई-पुणे शर्यतीचे शेवट आणि १९ ते २३ जानेवारी २०२६ ची पुणे ग्रँड टूर ही आंतरराष्ट्रीय शर्यत, एवढं पायाखालून गेल्यावर ठामपणे सांगतो: उभं कुठं राहायचं हे कळलं तर सगळं दिसतं, नाहीतर सहा तासांचा प्रवास करून आठ सेकंदांचा गोंगाट पदरात पडतो.

पाणी, टोपी, धपाटे हे सांगायला नको. पुण्याला जायचं तर आदल्या रात्रीची गाडी धरा. सकाळी रस्ते बंद झाले की रिक्षाही आत सोडत नाहीत.

वेळ काढणं

पत्रिकेत छापलेल्या वेळेवर जाऊ नका. शर्यत प्रत्यक्ष किती वाजता सुटली ते विचारा आणि तिथून मोजा. सपाट रस्त्यावर आपल्याकडचे चांगले खेळाडू ताशी ३८-४० किलोमीटरने जातात, म्हणजे शंभर किलोमीटरला अडीच तास धरा. आंतरराष्ट्रीय संघ असतील तर ४२-४५ चा वेग धरा. आपण मात्र दोन तास आधीच जागेवर हवं, कारण पुढचं काम वेळ खाणारं आहे.

शेवटचा किलोमीटर उलटा चाला

रेषेपासून मागे चालत जा. मोठ्या शर्यतीत एक किलोमीटर राहिला की वर लाल झेंडा टांगलेला असतो, तिथपर्यंत. गतिरोधक कुठं आहे, रस्ता कुठं अरुंद होतो, शेवटचं वळण रेषेपासून किती लांब आहे, हे बघून ठेवा. वळण तीनशे मीटरच्या आत असेल तर वळणातून पहिला-दुसरा बाहेर पडणाराच बहुतेक जिंकतो. अशा वेळी वळण संपून रस्ता सरळ होतो तिथं, आतल्या बाजूला उभं राहा. बाहेरच्या बाजूला कधीच नाही. तोल गेलेली सायकल तिकडेच येते.

जागा: इथं घाई करू नका

जालना रोडकडच्या एका शर्यतीत माझा भाचा उतरला होता. मी रेषेला खेटून उभा, बांबूला हात लावून. घोळका दिसला तसे मांडवातले पाहुणे उठून पुढे आले आणि मला दिसली ती एका जाकिटाची पाठ. शिट्ट्या झाल्या, हार आले. पोरगा अर्ध्या चाकानं दुसरा आला होता. घामानं निथळत माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मामा, माझं कुठं चुकलं ओ?" तिथं हजर असून मला उत्तर देता आलं नाही. ती गोष्ट मला फार लागली. त्यानंतर मी रेषेपाशी उभा राहिलो नाही.

आता कारण समजून घ्या. सपाट रस्त्यावरच्या शेवटाला वेग ताशी ६० ते ६५ किलोमीटर असतो, म्हणजे सेकंदाला सतरा-अठरा मीटर. शंभर-दीडशे मीटर लांबीचा घोळका तुमच्यासमोरून सहा ते नऊ सेकंदांत निघून जातो. रेषेवर पोचेपर्यंत सगळ्यांचा वेग जवळपास सारखा झालेला असतो. कोण जिंकणार हे ठरतं त्याच्या आधीच्या दोनशे मीटरांत, जेव्हा कुणीतरी पुढच्याचं चाक सोडून बाजूला निघतो आणि पेडलवर उभा राहतो. पुढच्याच्या मागं, त्याच्या आडोशाला राहिलं की हवा तो कापतो आणि आपली तीसेक टक्के ताकद वाचते. आडोसा सोडला की ती सगळी अंगावर येते. कधी सोडायचा, हाच सगळा खेळ. रेषेवरून तो दिसत नाही, तिथून फक्त निकाल दिसतो. तोही नीट दिसत नाही, कारण निकाल पुढच्या टायरची कड रेषेला कधी लागली यावर असतो. अटीतटीत शेवटच्या क्षणी हात ताणून सायकल पुढे ढकलतात, तेव्हा तिथं चिकटून उभ्या असलेल्या माणसालाही कोण आधी ते सांगता येत नाही. फोटो फिनिशचा कॅमेरा त्यासाठीच असतो. ते काम त्याच्यावर सोपवा.

म्हणून रेषेच्या मागं दोनशे मीटर. वारा समोरून असेल तर दीडशे, कारण समोरच्या वाऱ्यात शहाणा खेळाडू शेवटपर्यंत आडोसा सोडत नाही. वारा पाठीवर असेल तर अडीचशे, कारण तेव्हा खेळाडू लांबूनच आडोसा सोडून सुटतात.

इथपर्यंतचं मला वर्षभरात कळलं. बाजू कळायला आणखी दोन वर्षं गेली, आणि तिथंच बहुतेक लोक चुकतात. पुढच्या वर्षी मी बरोबर दोनशे मीटर मागं होतो, पण चुकीच्या हाताला. घोळका आला तो माझ्याच बाजूच्या दोरीला घासत. समोरून रंगांचा एक पट्टा गेला, टायरांचा घूं असा आवाज कानाशी झाला, तोंडावर धूळ बसली. भाचा त्यात कुठं होता ते कळलंही नाही.

कारण आडवा वारा. वारा डावीकडून येत असेल तर आडोसा उजवीकडं मिळतो. पुढचा खेळाडू मागच्याला तो मिळू नये म्हणून सायकल उजव्या कडेला नेतो आणि मागचे त्याच्यामागं तिकडंच सरकतात. म्हणजे वारा जिकडं वाहतो, त्या कडेला शर्यत संपते. आपण उभं राहायचं ते समोरच्या कडेला, वारा आपल्या पाठीवर घेऊन. तिथून रस्त्याची सगळी रुंदी डोळ्यांसमोर उघडी असते. कोण कुणाच्या मागं आहे, कोण मान वळवून बघतोय, कोण बाहेर निघाला, सगळं दिसतं. धूळही समोर जाते.

हे ओळखायला यंत्र लागत नाही. ज्यानं खळ्यावर उपणणी बघितली आहे, त्याला हे सांगायची गरज नाही. रस्त्याकडेची चिमूटभर माती खांद्याच्या उंचीवरून सोडा. भुसा उडाला असता ती बाजू सायकलवाल्यांची, दाणे पडले असते ती आपली. एकदा करून थांबू नका. आपल्याकडं हिवाळ्यात सकाळी वारा पडलेला असतो आणि ऊन तापलं की दहा-अकराच्या सुमारास उठतो. आठ वाजता धरलेली जागा अकराला चुकीची ठरू शकते. मी दर अर्ध्या तासाला माती सोडून बघतो आणि गरज पडली तर रस्ता खुला आहे तोवर बाजू बदलतो. लोक सांगतात, ऊन पाठीवर घ्या. ऐकू नका. उन्हाला टोपी आहे.

तिसऱ्या वर्षी सगळं जमलं. पैठण रोडवरची शर्यत, वारा माझ्या पाठीवर, रेषा दोनशे मीटरवर. भाचा चौथा होता. साधारण तीनशे मीटर राहिले असतील, तो डावीकडून, म्हणजे थेट वाऱ्यात निघाला. माझ्यासमोरून गेला तेव्हा पहिला होता, पण खांदे हलायला लागले होते आणि गुडघे बाहेर पडत होते. लाल जर्सीतला एक मुलगा मात्र हनुवटी हँडलला लावून त्याच्या मागं गप्प बसला होता. तो माझ्या पुढं पन्नास पावलं गेल्यावर उठला. तेवढ्यात मला कळलं की आपला पोरगा हरणार. या वेळी त्यानं विचारलं तेव्हा मी सांगू शकलो: "शंभर मीटर लवकर निघालास, आणि तेही वाऱ्याच्या अंगानं."

फोन खिशात

इथं मी कुणाचं ऐकत नाही. ३ जुलै १९९४ ला टूर दी फ्रान्समध्ये आर्मांतिएर गावच्या शेवटाला बंदोबस्तावरचा एक पोलीस फोटो काढायला कडेवरून पुढं झुकला. त्याला धडकून शर्यतीतला विल्फ्रीड नेलिसन पडला, लोरां जालाबेअरच्या चेहऱ्याची हाडं मोडली. २६ जून २०२१ ला त्याच शर्यतीत टीव्हीत दिसावं म्हणून एका प्रेक्षकानं पुठ्ठ्याचा फलक रस्त्यावर धरला, त्याला टोनी मार्टिन धडकला आणि त्याच्यामागं घोळक्यातले कितीतरी आडवे झाले. तिथं एवढा बंदोबस्त असून ही गत, आपल्याकडं तर कित्येक ठिकाणी नुसती दोरी असते. फोनच्या पडद्यात बघताना सायकल खरी किती जवळ आली याचा अंदाज राहत नाही, आणि ताशी ६५ ने येणाऱ्या माणसाला वळायला जागा नसते. हात, झेंडा, फोन, पोराचं डोकं, काहीही दोरीच्या पलीकडं जाता कामा नये. लहान मूल असेल तर ते खांद्यावर नको, दोन पायांच्या मध्ये उभं करा.

शेवटचा रस्ता उताराचा असेल तर कठड्यापासून चार पावलं मागं राहा. ५ ऑगस्ट २०२० ला पोलंडमध्ये कातोवित्सेला उतारावरच्याच शेवटात फाबियो याकोबसेन हा खेळाडू कठड्यांवर आदळला आणि कठडे उखडून पडले.

कोण पुढं पळालंय याकडे कान ठेवा

लाउडस्पीकरवर "दोन खेळाडू एक मिनिटानं पुढे" असं सांगतात. फ्रेंच समालोचक रॉबेर शापात यांचा ठोकताळा सपाट रस्त्यावर बऱ्याचदा उपयोगी पडतो: दहा किलोमीटरमध्ये घोळका एक मिनिट भरून काढतो. वीस किलोमीटर राहिले आणि अंतर मिनिटभर असेल तर शेवट घोळक्याचाच होणार, जागा सोडू नका. पाच किलोमीटरला मिनिट असेल तर पळालेलेच येणार. ते एकमेकांकडं बघत हळू येतात, तेव्हा रेषेकडं थोडं सरकलं तरी चालतं.

शेवट चढावर असेल तर

वरचं सगळं विसरा. दौलताबादच्या घाटासारख्या चढावर वेग निम्म्याहून खाली येतो, आडोशाचा फायदा कमी होतो आणि माणूस एकटा पडतो. तिथं शेवटच्या किलोमीटरमधला सगळ्यात खडा तुकडा शोधा आणि त्याच्या वरच्या टोकाला उभं राहा. चेहरे दिसतात, श्वास ऐकू येतो. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात ते उगाच नाही. बाजूनं पळू नका, पाणी ओतू नका, पाठीला हात लावून ढकलू नका. ढकलल्याचा दंड त्या खेळाडूलाच बसू शकतो.

पहिला आला म्हणून निघू नका

घोळका गेला की गर्दी रस्त्यावर उतरते. हे अत्यंत वाईट आहे. मागं अजून पोरं येत असतात, कुणी पंक्चर काढून, कुणी गुडघा फुटलेला, आणि त्यांना रेषेपर्यंत मोकळा रस्ता मिळालाच पाहिजे. माझा भाचा पहिल्या वर्षी शेवटून तिसरा आला होता तेव्हा रस्त्यात लोकांनी मोटारसायकली आडव्या लावल्या होत्या आणि त्याला शेवटचे साठ मीटर सायकल हातात धरून चालावं लागलं. दोरीच्या आत थांबा, येणाऱ्या प्रत्येकासाठी टाळ्या वाजवा, शेजारच्यालाही मागं ओढा. सगळ्यात शेवटी एक गाडी येते, शर्यत सोडलेल्यांना आणि त्यांच्या सायकलींना घेऊन. ती गेल्यावरच रस्ता ओलांडा.