दातांवरून अल्पवयीनाचं वय काढताना या चुका टाळा

द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून निफाड, दिंडोरीला मजुरीला आलेली मुलगी. जन्माची नोंद नाही, शाळेचा दाखला सापडत नाही, आणि पोलीस तिला वयाच्या तपासणीसाठी घेऊन येतात. ती अठराच्या आत की बाहेर, यावर पॉक्सोचा (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचा) खटला टिकणार की नाही हे ठरतं. नाशिक जिल्ह्यात हे काम नव्यानं हाती घेणाऱ्या दंतवैद्यांसाठी हे लिहिते आहे.

पहिली चूक खुर्चीवर बसवण्याआधीच होते. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ मध्ये पुराव्यांचा क्रम ठरलेला आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा किंवा मॅट्रिकचा दाखला, तो नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी. आदेश झाल्यापासून ती १५ दिवसांत पुरी करायची असते. शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसला की आपल्याला शंका येते, कारण गुरुजींनी अंदाजानं घातलेला १ जून आपल्याकडे घरोघरी आहे. तरीही तो दाखला मानायचा की नाही हे आपण ठरवायचं नाही. तपासणीचा लेखी आदेश हातात असल्याशिवाय एक्स-रेसुद्धा काढू नका.

दुसरी चूक म्हणजे तोंड उघडायला लावून दाढा मोजणं. सहाव्या वर्षाच्या सुमारास पहिली कायमची दाढ, बाराव्याला दुसरी, सतरा ते एकवीसमध्ये अक्कलदाढ, हे पाठ असतं आणि मोह होतो. पण दात हिरडीबाहेर कधी येणार हे जबड्यातल्या जागेवर अवलंबून असतं. दुधाची दाढ किडून लवकर काढली असेल तर तिच्या खालच्या दाताचं वेळापत्रकही बदलतं. हाडाच्या आत दाताचा माथा आणि मूळ कसं घडतं, हे त्या मानानं बरंच स्थिर असतं. कुपोषणाचा फटका हाडांच्या वाढीला जितका बसतो तितका दातांच्या घडणीला बसत नाही, आणि आपल्या आदिवासी तालुक्यांतल्या मुलांसाठी ही फार महत्त्वाची गोष्ट आहे. सुरुवातीच्या काळात माझ्यासमोर एक मुलगा आला होता, खालच्या दोन्ही अक्कलदाढा हिरडीबाहेर आलेल्या. मी मनात अठरा धरून टाकले होते. ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, पाहिला तर मुळांची टोकं नरसाळ्यासारखी उघडी होती. तेव्हापासून ओपीजी पाहण्याआधी मी वयाचा आकडा मनातही आणत नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो ओपीजी वाचताना. दातांच्या घडणीवरून वय काढण्याच्या डेमिर्जियन पद्धतीत खालच्या डाव्या बाजूचे सात दात पाहून प्रत्येकाला ए ते एच अशा आठ टप्प्यांपैकी एक टप्पा द्यायचा असतो. जी आणि एच यांच्यात सारखी गल्लत होते. जीमध्ये मूळनलिकेच्या भिंती समांतर झालेल्या असतात, पण टोक अजून उघडं असतं. एचमध्ये टोक बंद होतं आणि मुळाभोवतीची काळी रेघ सगळीकडे सारख्या जाडीची दिसते. दाढेत मागचं मूळ बघायचं. पुढचं मूळ आधी मिटलेलं असलं तरी तेवढ्यावर एच देऊ नका. अक्कलदाढेचं मूळ गालाकडे किंवा जिभेकडे वळलं असेल तर उघडं टोकही मिटल्यासारखं दिसतं. वरच्या दाढांवर सायनसची सावली पडते, म्हणून भर खालच्यांवर ठेवा. डावीकडचा दात नसेल तर उजवीकडचा तोच दात घ्या. दोन टप्प्यांत अडकलात तर आधीचा टप्पा द्या, हा पद्धतीचाच नियम आहे.

आता टप्प्यांवरून वय काढायच्या तक्त्याचं. डेमिर्जियनचे मूळ आकडे १९७३ चे, फ्रेंच-कॅनडियन मुलांवरून काढलेले. ते जसेच्या तसे लावले तर भारतीय मुलांचं वय बऱ्याचदा खऱ्यापेक्षा जास्त निघतं. अशा जास्तीच्या एका वर्षानं अल्पवयीन मूल कायद्याच्या संरक्षणाबाहेर जाऊ शकतं. धारवाडच्या आशिथ आचार्यांनी २०११ मध्ये अक्कलदाढ धरून आठ दातांवर भारतीय मुलांसाठी सूत्रं मांडली. ती वापरा, आणि मुलगा-मुलगीचं सूत्र वेगळं आहे हे विसरू नका. आणखी एक: सातही दात एच झाले की जुना तक्ता सोळाच्या पुढे बोलतच नाही. तिथे ‘सोळा वर्षे’ लिहून मोकळं होणं ही चूक मी अनुभवी लोकांकडूनही होताना पाहिली आहे. त्या मुलाचं वय सोळा असेल किंवा चोवीसही असेल.

सोळानंतर हाताशी फक्त अक्कलदाढ उरते. ती एक्स-रेत दिसलीच नाही तर ‘अजून आली नाही, म्हणजे लहान’ असं समजू नका. अनेकांना ती जन्मतःच नसते, काहींची काढलेली असते, म्हणून आधी विचारा. असेल तर कॅमेरीएरे यांचा २००८ चा निर्देशांक उपयोगी पडतो: मुळांच्या उघड्या टोकांच्या रुंदीची बेरीज भागिले दाताची लांबी. उत्तर ०.०८ पेक्षा कमी आलं तर अठरा पूर्ण असण्याची शक्यता मोठी. जास्त आलं म्हणून अठराच्या आतच, असं मात्र म्हणता येत नाही, कारण कित्येकांची टोकं विशीनंतरही उघडी असतात.

‘मॅडम, अठराची आहे ना?’ हा प्रश्न दारातच विचारला जातो. तक्रारीतलं वय वाचण्याआधी ओपीजीचे टप्पे लिहून ठेवा. शक्य असेल तर दुसऱ्या सहकाऱ्याकडून ते स्वतंत्रपणे लिहून घ्या.

अहवालात एकच आकडा लिहू नका. हाडांच्या एक्स-रेवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंनी दोन वर्षांचा फरक पडू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं जया माला खटल्यात १९८२ मध्येच नोंदवलं आहे. दातही तारीख सांगत नाहीत. मी असं लिहिते: ‘खालची डावी अक्कलदाढ टप्पा जी, बाकी सात दात टप्पा एच. वापरलेली पद्धत अमुक, अंदाजित वय अमुक ते अमुक वर्षे. अठरा वर्षे पूर्ण झाली की नाहीत, हे केवळ दातांवरून निश्चित सांगता येत नाही.’ शेवटचं वाक्य काढून टाकण्याचा आग्रह होतो. ते काढू नका.