विषारी साप हाताळताना: आधी आडोसा, मग हूक

चेन्नईच्या दक्षिणेला वडनेम्मेली येथे इरुळा समाजातील साप पकडणाऱ्यांची १९७८ मध्ये स्थापन झालेली सहकारी संस्था सर्पविष काढण्याचे काम करते. तेथे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे साप तळाशी वाळू घातलेल्या आणि तोंडाला सुती कापड बांधलेल्या मातीच्या मडक्यांत ठेवले जातात. साधारण तीन ते चार आठवड्यांत, आठवड्यातून एकदा याप्रमाणे, प्रत्येक सापाचे विष काढले जाते आणि नंतर पोटाच्या खवल्यांवर खूण करून त्याला निसर्गात सोडले जाते. या साध्या मडक्यात अंधार असतो, गारवा असतो आणि सापाच्या अंगाला टेकणारी भिंत असते. सापाला शांत करण्याचे याहून मोठे तंत्र माझ्या माहितीत नाही.

पुढील मजकूर सर्पोद्याने, प्राणिसंग्रहालये, विषसंकलन केंद्रे आणि वन्यजीव उपचार केंद्रे येथे अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली काम शिकणाऱ्यांसाठी आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार असे साप परवानगीशिवाय बाळगणे हा गुन्हा आहे, त्यामुळे घरी ठेवलेल्या सापाचा विचार येथे केलेला नाही.

साप माणसाळत नाही. रोजच्या हालचालींना तो सरावतो आणि त्यांना धोका मानणे हळूहळू सोडतो, एवढेच. पुंगीपुढे डोलणारा नाग संगीतात रमलेला नसून समोर हलणाऱ्या वस्तूवर नजर ठेवून बचावाच्या पवित्र्यात उभा असतो, म्हणजे शांततेच्या नेमका उलट टोकाला असतो. म्हणून नवीन साप आल्यावर पहिले एक-दोन आठवडे काचेला बाहेरून कापड लावावे, पाण्याचे भांडे आणि अंग जेमतेम मावेल एवढी लपण्याची पेटी आत ठेवावी, आणि गरज नसताना त्याला उचलू नये. मोठ्या ऐसपैस पेटीत त्याला सुरक्षित वाटत नाही. खाल्ल्यानंतर किमान दोन-तीन दिवस आणि डोळे दुधाळ झाल्यापासून कात टाकेपर्यंत त्याला हात लावणे टाळावे. खाल्ल्यावर हाताळल्यास तो भक्ष्य ओकून टाकण्याची शक्यता असते, आणि कात टाकण्याआधी नीट दिसत नसल्यामुळे तो अधिक चिडका होतो. सापाला सुस्त करण्यासाठी फ्रीजमध्ये ठेवण्याची युक्ती काही जण सांगतात. ती क्रूर आहे आणि भरवशाची तर मुळीच नाही.

लपण्याच्या पेटीला बाहेरून लांब काठीने सरकवता येईल असे झाकण असावे. साप स्वतःहून आत गेला की झाकण लावायचे, आत तो खरोखर आहे याची खात्री करायची आणि मगच पिंजरा साफ करायचा. स्वच्छता, पाणी, बल्ब बदलणे अशी रोजची बहुतेक कामे या पद्धतीने सापाला न हाताळता उरकतात.

उचलणे भागच असेल तेव्हा दुसरा प्रशिक्षित माणूस शेजारी असल्याशिवाय कुलूप उघडू नये. कोणता साप कोठे आहे हे दिसेपर्यंत दारात हात जाऊ देऊ नये. अंगाला उंदराचा वास येत असेल तर आधी हात धुवावेत, कारण भुकेला साप वासावर झडप घालतो. हूक, म्हणजे टोकाशी वाकवलेली लांब काठी, हळू, जमिनीलगत आणि डोक्याच्या बाजूने न आणता अंगाच्या पुढच्या तृतीयांशाखाली सरकवावा, आणि जड सापाला मागच्या भागाखाली दुसऱ्या हुकाचा आधार द्यावा. आधार मिळालेला साप कमी धडपडतो. चिमट्याने आवळल्यास बरगड्यांना इजा होते, म्हणून चिमटा शक्यतो वस्तू सरकवण्यापुरताच ठेवावा.

चारही सापांचा स्वभाव सारखा नसतो, आणि येथेच बहुतेकांची गफलत होते. नाग फणा काढून, फूत्कारून स्पष्ट इशारा देतो. तेव्हा मागे सरकून पाच मिनिटे थांबले की तो सहसा फणा मिटतो. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, पण तिची झेप तिच्या जाडजूड देहावरून वाटते त्यापेक्षा फार वेगवान असते, म्हणून तिला शेपटीने धरण्याचा मोह सोडावा. फुरसे अंगाच्या वेटोळ्यांवरील खवले एकमेकांवर घासून करकर आवाज करते. लहान म्हणून त्याला कमी लेखले जाते. सर्वांत फसवी मण्यार. दिवसा ती वेटोळ्यांत डोके खुपसून निपचित पडते आणि तिला पाहून नवशिक्याला वाटते, हिला हाताळणे सोपे आहे. तीच मण्यार रात्री चपळ होते, आणि तिच्या दंशाने अनेकदा वेदना किंवा सूजही जाणवत नाही.

तपासणीसाठी किंवा इंजेक्शनसाठी पारदर्शक नळी वापरावी. नळीची रुंदी एवढीच असावी की सापाला आत वळता येऊ नये. नळीचे तोंड अंधाऱ्या बिळासारखे समोर धरले की साप बहुधा आपण होऊन शिरतो. साधारण तिसरा हिस्सा आत गेल्यावर नळीची कड आणि सापाचे अंग एकाच मुठीत पक्के धरावे. मानेला पकडण्याची कसरत यामुळे टळते.

काम सुरू होण्यापूर्वी जवळच्या रुग्णालयात प्रतिविष उपलब्ध असल्याची खात्री झालेली असावी. भारतात तयार होणारे नेहमीचे प्रतिविष वरील चार सापांसाठीच बनवलेले असते. नागराज किंवा चापडा असे इतर विषारी साप ठेवणाऱ्या केंद्राने हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे. दंश झाल्यास सोबत्याने प्रथम सापाला पेटीत बंद करावे, जखमीच्या अंगठ्या व घड्याळ काढावे, दंश झालेला अवयव हलू न देता त्याला आडवे करून ताबडतोब न्यावे. आवळपट्टी बांधणे, जखम कापणे, चोखणे यांपैकी काहीही करू नये. प्रत्येक पिंजऱ्यावर सापाचे नाव आणि रुग्णालयाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. सोबत्याने ती काढून गाडीत बरोबर घ्यावी, आणि मण्यारीचा दंश असेल तर लक्षणे नसतानाही दाखल करून घेण्याचा आग्रह धरावा.