हिरोस्केपचं कार्ड नेमकं काय म्हणतंय?

हिरोस्केपच्या पटावर वाद झाला की आधी एकच विचारा: कार्ड वाचलं, की आठवून सांगितलं?

मिल्टन ब्रॅडलीने २००४ साली काढलेल्या या सोंगट्यांच्या लढाईच्या खेळात प्रत्येक सोंगटीची किंवा तुकडीची ताकद कार्डावर लिहिलेली असते, आणि ही कार्डं इंग्रजीत आहेत. जळगाव, भुसावळ, धुळ्याकडे ती वाचून दाखवताना मराठीत सांगितली जातात, नाहीतर अहिराणीत, आणि अर्थ तिथेच सांडतो. कार्ड हातात घ्या, इंग्रजी वाक्य जसंच्या तसं वाचा, मग अर्थ लावा. हे सगळं फासा टाकायच्या आधी. फासा पडल्यावर कोणता अर्थ कुणाच्या सोयीचा ते सगळ्यांना दिसतं, मग बरोबर निकालही समोरच्याच्या गळी उतरत नाही.

सर्वात जास्त घोळ 'आपल्या सोंगट्या' या शब्दांत होतो. कार्डावर कधी 'यू कंट्रोल' असतं, कधी 'फ्रेंडली'. दोन्हींचं भाषांतर आपण 'आपल्या' असंच करतो. इथे अहिराणी कामाला येते: 'यू कंट्रोल' म्हणजे 'मना' (माझ्या), 'फ्रेंडली' म्हणजे 'आमना' (आमच्या). पहिल्यात फक्त तुमच्या सोंगट्या, दुसऱ्यात जोडीदाराच्याही. दोघं विरुद्ध दोघं खेळताना एवढ्या फरकाने डाव फिरतो.

रेलिन या सोंगटीचं कार्ड घ्या. तिच्यापासून चार 'क्लिअर साइट' घरांपर्यंतच्या फ्रेंडली सोंगट्यांना बचावाचे दोन फासे जास्त मिळतात. 'चार घरांच्या आत' असं सांगितलं की काहीजण तीनच घरं धरतात. चौथं घर धरायचं. रेलिन उभी आहे ते घर सोडून पुढच्यापासून एक, दोन मोजा. नुसतं अंतर पुरत नाही, मध्ये नजर अडता कामा नये. सोंगटीच्या डोक्यामागे डोळा नेऊन बघा. अंगाचा थोडा भाग दिसला तरी चालतं, नुसता तळ दिसला तर नाही. आणि रेलिनला स्वतःला हे दोन फासे मिळत नाहीत, तसं कार्डावर स्पष्ट लिहिलंय.

आता खरी कसोटी. ड्रेक अलेक्झांडर ही रेलिनच्याच बाजूची सोंगटी तिच्यापासून तीन घरांवर, तिच्या नजरेत आणि उंचावर उभी आहे. खालून मिमरिंग ड्रॅगन आग ओकतोय. ड्रेकचा खेळाडू म्हणतो, लगत आल्याशिवाय ड्रेकवर हल्लाच करता येत नाही. कार्ड वाचा: तिथे ही अट 'नॉर्मल अटॅक'पुरती लिहिलीय. मिमरिंगची आग 'स्पेशल अटॅक' आहे, त्यामुळे ती लांबूनही ड्रेकला लागते. मात्र बचाव शाबूत राहतो: ड्रेकचे मूळ तीन फासे, रेलिनचे दोन, उंचीचा एक, असे सहा. मिमरिंगचे चारच. तो ड्रेकच्या वर असता तरी चारच राहिले असते, कारण स्पेशल अटॅकला उंचीचा जादा फासा मिळत नाही. आग सरळ रेषेत आठ घरं जाते आणि कार्ड 'ऑल फिगर्स' म्हणतं. त्या रेषेत मिमरिंगच्याच बाजूचा कुणी नजरेत उभा असेल तर तोही भाजतो. हल्ल्याचे फासे सगळ्यांसाठी एकदाच पडतात, बचाव ज्याचा त्याने वेगळा करायचा.

मारो वॉरियर्स या तुकडीच्या 'वॉटर क्लोन'मध्ये 'इन्स्टेड' हा शब्द पकडा. हल्ल्याऐवजी क्लोन, म्हणजे आधी मेलेली सोंगटी परत पटावर आणणं, आणि तेही अख्ख्या तुकडीने. दोघांनी हल्ला, दोघांनी क्लोन असं चालत नाही. चाल मात्र आधी करता येते. जिवंत असलेल्या प्रत्येकासाठी वीस बाजूंचा फासा टाका: जमिनीवर १५ किंवा जास्त हवेत, म्हणजे शंभरात ३० वेळा जमतं, पाण्यात १० पुरतात, म्हणजे ५५ वेळा. पण लगत त्याच पातळीचं रिकामं घर नसेल तर वीस पडूनही सोंगटी ठेवता येत नाही. हे घर फासा टाकायच्या आधीच बोटाने दाखवून ठेवा.

उडणाऱ्या सोंगट्यांबद्दल थोडक्यात: उडताना वाटेतले शत्रू अडवत नाहीत, पण उड्डाणाच्या आधीच शत्रूला भिडलेली असेल तर निघताना तडाखा बसतोच.

एवढं करूनही दोन अर्थ उरले तर तोच शब्द नियमपुस्तिकेत आणखी कुठे आलाय ते शोधा. एका खेळात एका शब्दाचा सहसा एकच अर्थ असतो. तिथेही नसेल तर कमी फायदा देणारा अर्थ घ्या. जास्तीची ताकद द्यायची असती तर कार्डावर तसं लिहिलं असतं. दोन मिनिटांत एकमत झालं नाही तर फाशावर सम-विषम करा आणि तो निकाल त्या डावापुरता दोन्ही बाजूंना लावा. डाव संपल्यावर वहीत तारीख, कार्डाचं नाव, अडलेला इंग्रजी शब्द आणि ठरलेला अर्थ लिहा. अर्थ बदलायचा असेल तर पुढच्या रविवारी, सोंगट्या मांडायच्या आधी.