सिस्टिम अपग्रेडनंतर सॅम्पल लायब्ररी सापडत नाही? पुन्हा डाउनलोड करण्याआधी हे तपासा

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या घरगुती स्टुडिओंतले बरेच कॉम्प्युटर विंडोज ११ वर गेले. मॅकवालेही नव्या आवृत्तीवर सरकले. त्यानंतरच्या तक्रारी साधारण सारख्याच असतात. कॉन्टॅक्ट (सॅम्पल, म्हणजे वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज, वाजवणारं सॉफ्टवेअर) उघडतं पण तबला-ढोलकी लोड होत नाही, भजनाचा जुना प्रोजेक्ट उघडला की ‘सॅम्पल्स मिसिंग’ येतं, किंवा प्लगइन (रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या आत उघडणारा जोड-प्रोग्राम) यादीतच दिसत नाही.

अशा वेळी सगळं काढून पुन्हा इन्स्टॉल करायला घेऊ नका. अपग्रेडमध्ये सॅम्पलच्या फाइली सहसा जागच्या जागी असतात. तुटतं ते बाकीचं: फाइलींचा पत्ता, त्या वाचण्याची परवानगी, लायब्ररीचा परवाना, किंवा प्लगइनचा प्रकार. याच क्रमाने तपासा. ६० जीबीची लायब्ररी २० एमबीपीएसच्या लाइनवर उतरायला जवळजवळ सात तास लागतात, तेही लाईट आणि नेट दोन्ही टिकले तर. पावसाळ्यात खानापूरकडे ही खात्री कोण देणार? म्हणून डाउनलोड हा शेवटचा उपाय.

आधी फाइली आहेत का ते बघा

कॉन्टॅक्ट बंद ठेवा आणि लायब्ररीचं फोल्डर थेट उघडा. राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये आकार बघा. एनकेआय (एकेका वाद्याची मांडणी असलेल्या) फाइली लहान असतात, खरं वजन आवाज साठवणाऱ्या एनकेएक्स, एनसीडब्ल्यू किंवा वेव्ह फाइलींचं असतं. वीस जीबीची लायब्ररी चाळीस एमबी दिसत असेल तर सॅम्पल खरोखरच तिथे नाहीत. आकार बरोबर असेल तर निम्मी काळजी मिटली.

लायब्ररी डेस्कटॉपवर किंवा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये होती आणि आता दिसत नाही? सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचं फोल्डर आहे का बघा. त्यातल्या ‘यूजर्स’मध्ये जुन्या खात्याच्या फाइली सापडू शकतात. हे फोल्डर साधारण दहा दिवसांनी विंडोज आपणच पुसून टाकतं, त्यामुळे हे काम आजच करा. ‘डिस्क क्लीनअप’ तोपर्यंत चालवू नका.

आणि स्वतः रेकॉर्ड केलेले आवाज सर्वांत आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. गावातल्या हलगीची थाप, संबळ, जत्रेत टिपलेलं चौंडकं हे कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर नाही. विकतची लायब्ररी परत मिळते, हे परत मिळत नाही.

पत्ता

सर्वांत जास्त वेळा गडबड इथेच असते. बाहेरची डिस्क पूर्वी ‘ई’ होती, अपग्रेडनंतर ‘एफ’ झाली, की कॉन्टॅक्ट जुन्याच दारावर टकटक करत राहतं. स्टार्टवर राइट क्लिक करा, ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा, त्या डिस्कवर राइट क्लिक करून ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’ निवडा आणि जुनं अक्षर परत द्या. ते अक्षर दुसऱ्या कुणी घेतलं असेल तर एस किंवा टी द्या. पेन ड्राइव्ह लावला की विंडोज सुरुवातीची मोकळी अक्षरं वाटतं, शेवटची सहसा शिल्लक राहतात.

अक्षर बदललं असेल तर कॉन्टॅक्टच्या कंपनीचा लायब्रऱ्या उतरवणारा आणि सांभाळणारा प्रोग्राम नेटिव्ह अ‍ॅक्सेस उघडा. हरवलेल्या लायब्ररीपुढे ‘रिपेअर’ दिसेल. त्यात ‘लोकेट’ निवडून एनआयसीएनटी फाइल (लायब्ररीची ओळख सांगणारी) ज्या फोल्डरमध्ये आहे नेमकं तेच फोल्डर दाखवा. एक पायरी वरचं किंवा आतलं ‘सॅम्पल्स’ फोल्डर दाखवलं तर चालत नाही. बहुतेक लोक इथेच चुकतात आणि लायब्ररी खराब झाली असं समजतात.

एनआयसीएनटी फाइल नसलेल्या लायब्रऱ्या नेटिव्ह अ‍ॅक्सेसमध्ये येतच नाहीत. त्या कॉन्टॅक्टच्या ‘फाइल्स’ टॅबमधून उघडा. सॅम्पल सापडत नाहीत अशी चौकट आली की फोल्डर दाखवा. पण एवढ्यावर थांबलात तर प्रत्येक वाद्याला तेच करावं लागेल. फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवून कॉन्टॅक्टच्या फाइल मेनूतलं ‘बॅच री-सेव्ह’ चालवा. ते सगळ्या एनकेआय फाइलींत नवा पत्ता लिहितं. यानंतर त्या फाइली जुन्या आवृत्तीच्या कॉन्टॅक्टमध्ये उघडणार नाहीत. चिकोडीतल्या वादकाकडे जुनं कॉन्टॅक्ट असेल आणि प्रोजेक्टची देवाणघेवाण चालत असेल तर ती मूळ प्रत पुसू नका.

विंडोज ११ मध्ये वनड्राइव्ह ‘डॉक्युमेंट्स’चा बॅकअप सुरू करून ते फोल्डर स्वतःच्या आत हलवू शकतं. मग पत्ता बदलतो, आणि जागा वाचवायला काही फाइली फक्त क्लाउडवर उरतात. त्यांच्यावर ढगाचं चिन्ह दिसतं. अशी लायब्ररी लोड झाली तरी मध्येच अडते. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये ‘मॅनेज बॅकअप’मधून डॉक्युमेंट्स बंद करा, फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ करा, आणि सगळं उतरल्यावर लायब्ररी तिथून बाहेर काढा. सॅम्पलची जागा वेगळ्या ड्राइव्हच्या मुळाशी, एका छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये. पुष्कळ जुने प्रोग्राम २६० अक्षरांपेक्षा लांब पत्ता वाचत नाहीत, आणि लायब्ररीतली फोल्डरं एकात एक अशी खोल जातात.

आपल्या भागात आणखी एक अडचण हमखास निघते. विंडोजचं खातं उघडताना नाव देवनागरीत किंवा कन्नडमध्ये टाकलेलं असतं. ‘यूजर्स’मधलं फोल्डरही मग त्याच लिपीत बनू शकतं, आणि काही जुने इन्स्टॉलर असा पत्ता वाचताना अडखळून बंद पडतात. एरर भलताच दाखवतात. खात्याचं नाव नंतर बदलून उपयोग नाही, कारण फक्त दिसणारं नाव बदलतं, फोल्डर तसंच राहतं. रोमन अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, नवं अ‍ॅडमिन खातं बनवा आणि त्यातून इन्स्टॉल करा.

सॅम्पलच्या फाइलींनाही हेच लागू. ‘दुसऱ्या’ शब्दातला ऱ युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत) दोन प्रकारे साठवता येतो: एकसंध, किंवा र आणि नुक्ता (खालचं टिंब) असा सुटा. जुन्या फॉरमॅटची मॅक डिस्क तो सुटा करते. तीच फाइल विंडोजवर नेली तर डोळ्यांना नाव सारखंच दिसतं, सॉफ्टवेअरला मात्र ती वेगळी फाइल वाटते. मॅक आणि विंडोज दोन्हीवर काम होणार असेल तर फाइलींची नावं रोमनमध्येच ठेवा.

परवानगी

मॅकवर लायब्ररी बाहेरच्या डिस्कवर असेल तर ‘सिस्टिम सेटिंग्ज’ मधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जा. ‘फाइल्स अँड फोल्डर्स’मध्ये ‘रिमूव्हेबल व्हॉल्यूम्स’ चालू आहे का बघा, नसेल तर ‘फुल डिस्क अ‍ॅक्सेस’ द्या. कॉन्टॅक्ट प्लगइन म्हणून चालतं तेव्हा परवानगी त्याची नाही, तर त्याला उघडणाऱ्या सॉफ्टवेअरची बघितली जाते. म्हणून लॉजिक, क्यूबेस, रीपर, रेकॉर्डिंगचं जे सॉफ्टवेअर वापरत असाल त्याला परवानगी द्या आणि ते पूर्ण बंद करून उघडा. एकटं कॉन्टॅक्ट व्यवस्थित चालतं आणि प्रोजेक्टमध्ये चालत नाही, याचं कारण बहुधा हेच.

इन्स्टॉलर उघडताना मॅकने अडवलं तर त्याच पानावर खाली ‘ओपन एनीवे’ दिसतं. ते बटण प्रयत्न केल्यापासून साधारण तासभरच राहतं. मॅकच्या २०२४ च्या सिकोया आवृत्तीपासून राइट क्लिक करून उघडण्याची जुनी युक्ती चालत नाही. फाइल बनवणाऱ्याच्या साइटवरूनच घेतली असेल तरच हे बटण दाबा.

विंडोजवर ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’मधलं ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू असेल तर डॉक्युमेंट्समध्ये लिहू पाहणारा इन्स्टॉलर अर्ध्यात थांबतो. तिथे ‘अलाऊ अ‍ॅन अ‍ॅप’मधून त्या प्रोग्रामला सूट द्या. अँटीव्हायरस सरसकट बंद करायची गरज नाही. फॉरमॅट करून विंडोज टाकलं असेल तर जुन्या डिस्कवरच्या फोल्डरची मालकी जुन्या खात्याकडे राहते आणि ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतं. फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये मालक बदला आणि आतल्या फोल्डरांनाही लागू करण्याच्या चौकटीत खूण करा. हे फक्त सॅम्पलच्या फोल्डरवर, सी ड्राइव्हवर कधीच नाही.

मॅक एनटीएफएस (विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटची) डिस्क वाचतो, तिच्यावर लिहीत नाही. त्यामुळे तिथे इन्स्टॉल फसतं. दोन्हीकडे फिरणारी डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट३२ नको, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.

परवाना

वाद्य वाजतं आणि पंधरा मिनिटांनी गप्प होतं? अपग्रेडनंतर पूर्ण कॉन्टॅक्टऐवजी फुकटचं कॉन्टॅक्ट प्लेअर टाकलं गेलंय. प्लेअरसाठी परवाना नसलेल्या लायब्रऱ्या त्यात पंधरा मिनिटंच चालतात. पूर्ण कॉन्टॅक्ट विकत घेतलं असेल तर त्याच खात्याने लॉग इन करून ते उतरवा. लायब्ररीला हात लावू नका.

लॉग इनच होत नसेल तर आधी तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की लाईट गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि चुकीच्या तारखेवर सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही. साधा सेल बदलला की काम होतं. नेटिव्ह अ‍ॅक्सेस सुरू होतानाच फिरत राहत असेल तर ते काढून, कॉम्प्युटर रीस्टार्ट करून, अ‍ॅडमिन म्हणून नवं टाका. आयलॉक (परवाना तपासणारी वेगळी व्यवस्था) वापरणाऱ्या लायब्रऱ्यांसाठी ‘आयलॉक लायसन्स मॅनेजर’ची नवी आवृत्ती आधी टाका, मग प्लगइन उघडा. क्यूबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्गची परवान्यांसाठीची जुनी ई-लायसेन्सर सेवा मे २०२५ मध्ये बंद झाली. तिच्यावर अवलंबून असलेल्या आवृत्तीसाठी स्टाइनबर्गच्या खात्यात नवा परवाना मिळतो का ते बघा.

प्लगइनचा प्रकार

मॅकवर ३२-बिटचं सगळं २०१९ च्या कॅटलिना आवृत्तीपासून बंद आहे, त्याला उपाय नाही. अ‍ॅपल सिलिकॉनवर (मॅकच्या नव्या चिपवर) इंटेलसाठीचं जुनं प्लगइन दिसत नसेल तर रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बंद करा, त्याच्या आयकॉनवर ‘गेट इन्फो’ घेऊन ‘ओपन यूजिंग रोझेटा’वर खूण करा. रोझेटा इंटेलचे प्रोग्राम नव्या चिपवर चालवतं, पण ही तात्पुरती सोय समजा. तेवढ्यात जुने प्रोजेक्ट ऑडिओत रेंडर करून ठेवा.

व्हीएसटी२ आणि व्हीएसटी३ हे प्लगइनचे दोन प्रकार, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. जुना प्रोजेक्ट व्हीएसटी२ मागत असेल तर नवं व्हीएसटी३ असूनही ट्रॅक रिकामा उघडू शकतो. जुनी आवृत्ती शेजारी राहू द्या, जुन्यात वाद्य सेव्ह करा, नव्यात उघडा. प्लगइन जागेवर असून दिसत नसेल तर क्यूबेसच्या प्लगइन मॅनेजरमध्ये ते ब्लॉक यादीत पडलंय का बघा. लॉजिकमध्ये प्लगइन मॅनेजर उघडून ‘रीसेट अँड रीस्कॅन’ करा.

की दाबल्यावर कॉन्टॅक्टचं मीटर हलतं आणि आवाज येत नाही, तर लायब्ररी ठीक आहे. ऑडिओ इंटरफेसचा ड्रायव्हर बघा. विंडोज ११ मधलं ‘मेमरी इंटेग्रिटी’ जुन्या ड्रायव्हरना अडवतं. कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घ्या.

डाउनलोड करावंच लागलं तर

जुनं काढताना लायब्ररीच्या डिस्कची केबल आधी सोडवून ठेवा, म्हणजे अनइन्स्टॉलर तिला स्पर्श करू शकणार नाही. जागा लायब्ररीच्या दुप्पट लागते, कारण उतरलेली फाइल आणि उलगडलेली फाइल काही काळ दोन्ही डिस्कवर असतात. राउटरला छोटा यूपीएस लावा. गावात फायबर नसेल तर बेळगावात ओळखीच्या ठिकाणी, आपल्याच खात्यावरून, एक्सफॅट एसएसडीवर लायब्ररी उतरवा आणि घरी आणून ‘लोकेट’ने दाखवा. मोबाइलच्या नेटवर फक्त लॉग इन आणि परवान्याची तपासणी करावी लागेल, त्याला डेटा थोडाच लागतो. आणि गणपतीच्या गाण्यांचं काम हातात असताना सिस्टिम अपग्रेडला हात घालू नका, ते विसर्जनानंतर करा.