थ्रीडी मॉडेलवर अ‍ॅनाटॉमी शिकवताय? आधी ते गरागरा फिरवणं थांबवा

मॉडेल उघडलं की शिकवणाऱ्याचा हात पहिल्यांदा फिरवण्याकडेच जातो, दिसतंही भारी, पण समोरच्या पोरांना दोन सेकंदांत कळेनासं होतं की आपण पुढून बघतोय का मागून. म्हणून आधी अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन: माणूस उभा, तोंड आपल्याकडे, तळहात पुढे, म्हणजे त्याचा उजवा हात स्क्रीनच्या डावीकडे. हे मुलांकडून वदवून घ्या आणि मगच माऊस हलवा.

आता हृदय घ्या. आख्खं शरीर नकोच, फासळ्या, फुप्फुसं, हृदय, अन्ननलिका आणि डायफ्राम (छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा) ठेवा, बाकी सगळं हाइड. मग फासळ्या आणि फुप्फुसं फेड (अर्धवट पारदर्शक) करा, पुढच्या व्ह्यूवर थांबा आणि विचारा, समोर कुठला कप्पा जास्त दिसतोय? बरेच जण डावा-उजवा निम्मा निम्मा म्हणतात, कारण चपट्या आकृतीत तसंच काढलेलं असतं. प्रत्यक्षात समोर बहुतेक उजवं व्हेंट्रिकलच (खालचा कप्पा) असतं. मग सावकाश मागे वळवा, डावं एट्रियम (वरचा कप्पा) दिसेल आणि त्याच्या लगेच मागे अन्ननलिका. एवढं दिसलं की काही इको (हृदयाची सोनोग्राफी) अन्ननलिकेत नळी घालून का करतात ते पोरं स्वतःच सांगतात.

हीच पद्धत सगळीकडे चालते. क्लिक करायच्या आधी अंदाज कागदावर लिहायला लावा, "हा स्नायू काढला तर खाली काय निघेल?", नाहीतर मुलं सिनेमा बघितल्यासारखी बघत बसतात. आणि स्नायू एकदम गायब करू नका, आधी फेड करा म्हणजे तो कुठे होता ते डोळ्यासमोर राहतं.

काप घेण्याचं टूल असेल तर एक भानगड लक्षात ठेवा. सीटीचा आडवा काप पायाकडून बघितल्यासारखा दाखवतात, मॉडेल वरून बघितलं तर डावं-उजवं उलटं येतं, तेव्हा कॅमेरा खालून लावा. खऱ्या देहाचे काप दाखवायचे तर अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा व्हिजिबल ह्यूमन प्रोजेक्ट आहे, पुरुषाचे काप १ मिलिमीटर अंतराने (१९९४), स्त्रीचे ०.३३ मिलिमीटरने (१९९५). फुकटात मॉडेल हवं तर झेड-अ‍ॅनाटॉमी बघा.

रंगांबद्दल एकदाच सांगून टाका: पल्मनरी आर्टरी (हृदयातून फुप्फुसांकडे रक्त नेणारी) बहुतेक मॉडेलमध्ये निळी असते, कारण तिच्यातलं रक्त ऑक्सिजन कमी असलेलं, आर्टरी म्हणजे लाल असं पाठ करू नका.

मॉडेल एकाच साच्यातलं असतं हेही दाखवा. अंगठा करंगळीला टेकवून मनगट थोडं वाकवायला सांगा, काहींना मधोमध पामारिस लाँगस या बारीक स्नायूची दोरी वर आलेली दिसेल, काहींना ती नसतेच.

परीक्षा घेताना लेबलं बंद, आणि व्ह्यू शिकवताना न वापरलेला ठेवा, खालून किंवा तिरका. तिथे खरं कळतं कोणी चित्र पाठ केलंय.